लार्स होलमर : 'द सायबेरियन सर्कस' एवढंच पुरे?

तिरपी_मात्रा
स्वीडिश अकॉर्डियनवादक-संगीतकार लार्स होलमरबद्दल काल इथे एकाने लिहिलं, "होलमर कळायला १९९३चं 'द सायबेरियन सर्कस' हे संकलन पुरे. पुढचं सगळं त्याच सर्कशीच्या बँडची आवर्तनं." हे मला अजिबात पटलेलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

त्या सीडीतला माल आहे त्याच्या ऐंशीच्या दशकातल्या एकल तबकड्यांमधला, 'तोल्व सिबिरिस्का सिक्लार' (१९८१, म्हणजे 'बारा सायबेरियन सायकली') पासून 'वेंडेलटिड' (१९८७) पर्यंतचा. त्याच्या 'साम्ला माम्मास माना' या बँडची सत्तरच्या दशकातली वर्षं त्यात नाहीत. 'आंदेताग' (१९९७) आणि 'वियांद्रा' तर त्यानंतरच्याच. माणूस २००८पर्यंत होता. कारकिर्दीचा गोषवारा म्हणून तुम्ही मधलाच तुकडा देताय, आणि तोही अकॉर्डियन पूर्ण पुढे येण्याआधीचा! 'आंदेताग' म्हणजे श्वास. भात्याने श्वास घ्यावा तशी वाक्यं त्यात आहेत, ती या संकलनात कुठून येणार?

उलटा_भाता
असहमत. नवख्या माणसाला तुम्ही साम्लाची 'मोल्टिड' (१९७३) देणार का? पहिलाच तुकडा १० मिनिटांहून लांब, वर चिरक्या आवाजातलं गाणं, ताल दर चार ओळींनी तुटतो. पाचव्या मिनिटाला तो बंद करतो. 'बोएवेस साल्म' ऐकवा. साधी, संथ चाल. स्वीडनमध्ये ती लोकसंगीतवाले वाजवतात, ते उगाच नाही. अशा चाली एका ठिकाणी मिळतात, हाच संकलनाचा उपयोग.

तिरपी_मात्रा
चालीबद्दल वाद नाहीच. पण उप्सालातल्या जुन्या खुराड्याच्या स्टुडिओत तो कीबोर्ड, अकॉर्डियन, मेलोडिका (फुंकून वाजवायचा छोटा कीबोर्ड) एकावर एक चढवत बसायचा. त्याचा लहानसा तुकडा शेजारच्या लांब तुकड्यासाठी जागा करून देतो. मधूनच उचलला की नुसती गंमत उरते. "सर्कस" हा शिक्का तिथूनच बसला.

काळी_दोन
सर्कस वाटते ती अकॉर्डियनच्या थरथरीमुळे, निवडीमुळे नाही. एका स्वराला दोन पत्त्या (हवेने थरथरणाऱ्या धातूच्या जिभा), एक ४४० हर्ट्झला आणि दुसरी ४४३ला लावली की सेकंदाला तीन हेलकावे. आपल्या पेटीत खर्ज आणि नर (खालच्या आणि मधल्या सप्तकाच्या पत्त्या) जुळवताना हेलकावा उरला तर तो दोष, तिथे तो मुद्दाम ठेवतात. पेटीच्या कानाने ऐकलं की बेसूर वाटतं. बाकी वाद्य तेच.

मेण_राळ
तेच कसं? पेटीत भात्याची हवा साठ्यात जाते आणि एकाच दिशेने पत्तीतून निघते. अकॉर्डियनमध्ये आतल्या प्रत्येक धातूच्या पट्टीवर (बोटाखालच्या नव्हे) दोन पत्त्या, एक भाता दाबताना आणि एक ओढताना वाजणारी. नको असलेल्या बाजूची हवा कातड्याची झडप अडवते. म्हणून तिथे वाक्य भाता उलटण्याच्या जागी तुटतं किंवा सांधलं जातं. पेटीत हा प्रश्नच नाही. होलमरवर बोलायचं तर आधी हे कळायला हवं.

आणि हेलकाव्याचं अर्धंच सांगितलंत. दोन पत्त्यांमध्ये सगळीकडे सारखेच सेंट (स्वरांमधलं अंतर मोजायचं एकक) ठेवले तर दर सप्तकाला हेलकावे दुप्पट होतात आणि वरचे स्वर किंचाळतात. म्हणून वर जाताना फरक कमी करत न्यावा लागतो.

काळी_दोन
शिकवणीचा सूर नको. सूर लावणं दोन्हीकडे तेच. पत्तीखाली पातळ पोलादी पट्टी सरकवा, टोकाला घासलं की स्वर चढतो, रिव्हेटजवळ (पत्ती जिथे ठोकून बसवलेली असते तिथे) घासलं की उतरतो. पेटीतलं पितळ असो नाहीतर अकॉर्डियनमधलं पोलाद.

मेण_राळ
घासण्याचं तंत्र एक, इतकं मान्य. इतकंच. पोलादी पत्ती कोकणच्या हवेत गंजते आणि गंजली की स्वर सरकतो. शिवाय अकॉर्डियनच्या पट्ट्या मेणात बसवलेल्या असतात, साधारण तीन भाग मेणाला एक भाग राळ. मे महिन्यात गाडीत विसरलात तर मेण सैल होऊन पट्टी आत गळून पडते. पेटीसारखं आडवं ठेवून दिलंत तर झडपा लोंबून वाकतात, मग स्वर उशिरा उठतो आणि "टप्" वाजतं. अकॉर्डियन पायांवर उभंच ठेवायचं. मुंबई-पुण्यात चांगली वाद्यं याच अज्ञानाने वाया जातात, त्याचा राग येतो.

उलटा_भाता
धागा होलमरचा होता.

तिरपी_मात्रा
असू द्या, भाता उलटण्याचा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे. 'अकॉर्डियन ट्राइब' हा पाच अकॉर्डियनवादकांचा गट ऐका. क्लुसेव्हसेक, कालानिएमी, बिबिच, लेखनर आणि होलमर. पाच भाते पाच वेगळ्या ठिकाणी उलटतात, म्हणून स्वर अखंड राहतो. १९९६ला जमलेली मंडळी १९९३च्या सीडीत कशी येतील?

उलटा_भाता
येणार नाहीत, कबूल. संकलनाला कारकिर्दीचा गोषवारा म्हणणं चूक, ते मागे घेतो. पण पहिली सीडी म्हणून मी 'सर्कस'च देणार. दुसरी 'आंदेताग', तिसरी 'वियांद्रा', 'मोल्टिड' चौथी. तुमचा क्रम?

तिरपी_मात्रा
'आंदेताग' पहिली. 'सर्कस' दुसरी चालेल, पण त्यानंतर 'सिक्लार' सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एकही तुकडा न गाळता.