सागरतळाचं ‘प्रसरण’ की ‘विस्तार’?

तर्जुमेवाली
मंडळी, एक अडचण आहे. एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाचे इंग्रजी फलक मराठीत करून देतेय, नववीच्या पोरांसाठी. त्यात सीफ्लोअर स्प्रेडिंग आलं, मी बिनधास्त ‘सागरतळ प्रसरण’ लिहिलं तर फिजिक्सच्या सरांनी काट मारली, म्हणे प्रसरण म्हणजे तापून वस्तू फुगते ते, मे महिन्यात अजनी यार्डात रुळांचं होतं ते, समुद्राचा तळ काय फुगतो का. मग ‘विस्तार’ केलं तर आमच्या ह्यांना त्यात मंत्रिमंडळ दिसायला लागलं. आणि त्याच फलकावर मॅग्नेटिक अ‍ॅनॉमलीला ‘चुंबकीय विसंगती’ आहे, तेही खटकतंय.

जुना_खडक
सरांचं बरोबर आहे ताई. महासागराच्या मधोमध पाण्याखाली डोंगररांग आहे, तिथे भेग पडते, खालून शिलारस येतो, थिजतो, आणि आधीचा तळ दोन्ही अंगांना सरकतो. तळ फुगत नाही, नवा तळ मधे येऊन बसतो. पण विस्तार म्हटलं तरी घोळच, कारण पृथ्वी तेवढीच राहते, दुसरीकडे खोल खंदकांमधून जुना तळ खाली जातच असतो. पॅसिफिकमध्ये नवा तळ सगळ्यात वेगाने बनतो आणि तरी तो महासागर एकंदरीत आकसतोय! आम्ही तर कॉलेजात सरळ स्प्रेडिंगच म्हणायचो.

शुद्धमती
‘अपसरण’ असा नेमका शब्द असताना स्प्रेडिंग कशाला? एकमेकांपासून दूर सरणे ते अपसरण. आणि डोंगररांग नव्हे, ‘मध्यसागरी कटक’ म्हणा.

बर्डीवाला
राजेहो, अपसरण नववीच्या पोट्ट्याले सांगून पाहा, तो वर्गातूनच अपसरण करते. फाकते म्हणा ना! लाकूड फाकते, उन्हाळ्यात काळी माती फाकते, तसा तळ फाकते.
बाकी कटक म्हणजे सैन्याची छावणी ना? मग आपली कामठीच खरी कटक.

ऑरेंज_पोहेवाला
फाकणं शाळेच्या फलकावर? पोरं तासभर हसतील आणि मुख्याध्यापक फलक उतरवतील.
कामठीवरून आठवलं, आमचे आजोबा सांगायचे इंग्रजांच्या कॅम्प-टी वरून कामठी झालं.

शुद्धमती
ही कॅम्प-टी ची गोष्ट मला कधीच पटली नाही. इंग्रज यायच्या आधी तिथे गाव नव्हतं का?

जुना_खडक
कामठी नंतर बघू, त्यांचा विसंगतीचा प्रश्न राहिलाय. जहाजामागे दोरीने मॅग्नेटोमीटर, म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजायचं यंत्र, ओढतात. पृथ्वीचं एकूण क्षेत्र हजारो नॅनोटेस्लाचं (हे त्याचं मोजमाप), त्या जागी जेवढं अपेक्षित तेवढं वजा केलं की काहीशे अधिक किंवा उणे उरतं, ती अ‍ॅनॉमली. शिलारस थंड होताना, म्हणजे त्यातलं मॅग्नेटाइट हे लोहखनिज साधारण ५८० अंश सेल्सिअसखाली आलं की, त्या वेळच्या क्षेत्राची दिशा दगडात पक्की होते. मधल्या काळात पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव कितीदा पालटलेत, जपानच्या मातुयामांनी १९२९ मध्ये लाव्हांवरून ते मांडलं होतं. तर दगड आजच्या दिशेचा की पालथ्या, त्यावर अधिक-उणे ठरतं. यात विसंगत काहीच नाही, उलट इतकं सुसंगत आहे की रांगेच्या एका अंगाचा आलेख दुसरीकडच्यावर उलटा धरला तर जुळतो. विसंगती वाचून पोरांना वाटेल मोजणाऱ्याचं चुकलं. मी ‘चुंबकीय फरक’ लिहीन.

शुद्धमती
फरक फार मोघम आहे. विसंगती रूढ झालाय, राहू द्या.

जुना_खडक
रूढ आहे म्हणून राहू द्या, हे तुम्ही म्हणताय? मग स्प्रेडिंगनेच काय घोडं मारलं!

तर्जुमेवाली
फलकावर चित्र काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं आहे. तळ खरंच असा दिसतो का?

जुना_खडक
नाही हो, सगळा बेसॉल्ट, म्हणजे थिजलेल्या शिलारसाचा दगड, काळाच. पट्टे ते अधिक-उणे दाखवायला नकाशात रंगवलेले असतात. १९६२ साली ओवेन जहाजाने कार्ल्सबर्ग रांगेवर मोजणी केली, ही रांग आपल्याच हिंदी महासागरात आहे, आणि त्यावरून वाइन आणि मॅथ्यूज या ब्रिटिश भूशास्त्रज्ञांनी १९६३ मध्ये पट्ट्यांचा अर्थ लावला. कॅनडाच्या मोर्लेंनी त्याच वर्षी हेच लिहिलं होतं, दोन नियतकालिकांनी लेख परत केला.

ऑरेंज_पोहेवाला
कार्ल्सबर्ग?? बियरचं नाव समुद्रातल्या डोंगराला?

जुना_खडक
बियर कंपनीच्याच फाउंडेशनने डेन्मार्कच्या सागरी मोहिमेला पैसे दिले होते, म्हणून ते नाव.

बर्डीवाला
मंग आपल्या सीताबर्डीचा काळा दगड पण बेसॉल्टच ना, त्याच्यातही असे पट्टे?

जुना_खडक
चुंबकत्व आहे, पट्टे नाहीत. दख्खनचा लाव्हा एकावर एक साचत गेला म्हणून इथे थर, समुद्रात नवा दगड जुन्याच्या शेजारी येतो म्हणून पट्टे. ताई, हे दोन शब्द फलकावर अजिबात अदलाबदल करू नका, सगळी गंमत त्यातच आहे. जमिनीवर काळ खाली मोजायचा, समुद्रात आडवा. दख्खनचा बराचसा दगड पालथ्या दिशेचाच आहे, आणि लंडनच्या लोकांनी १९५० च्या दशकात तो मोजला, तर हा लाव्हा साचला तेव्हा आपण विषुववृत्ताच्या दक्षिणेला होतो असं निघालं.

बर्डीवाला
बर्डी म्हणजे बरड, खडकाळ टेकाड. लोक उगाच शितलाप्रसाद-बद्रीप्रसाद दोन भावांवरून सीताबर्डी नाव पडल्याची गोष्ट सांगतेत.

ऑरेंज_पोहेवाला
उगाच काय, ती गोष्ट सगळ्या नागपूरला माहीत आहे!

तर्जुमेवाली
बरड का बद्री ते नंतर भांडा हो. फलकावर अटलांटिकचा वेग वर्षाला २.५ सेमी आहे, बाजूच्या आकृतीत १.२५ लिहिलंय. कुठला ठेवू?

जुना_खडक
दोन्ही बरोबर असू शकतात. चुंबकीय ध्रुवांचा शेवटचा मोठा पालट सुमारे ७.८ लाख वर्षांपूर्वीचा. समजा त्या पट्ट्याची कड मधल्या रांगेपासून १० किमीवर सापडली, तर १० किमी भागिले ७.८ लाख, वर्षाला साधारण १.३ सेमी. हा एका अंगाचा वेग, दुसऱ्या अंगाचा तेवढाच धरला की दुप्पट. तेव्हा आकृतीखाली ‘एका बाजूचा’ लिहा.

शुद्धमती
‘एकपार्श्वी वेग’ लिहा.

बर्डीवाला
हाव, अन् खाली त्याचाही अर्थ लिहा.