मदत हवी आहे: सगळं बंद असूनही मीटर लुकलुकतोय, टीव्ही-सेट टॉप बॉक्स-राउटरचं काय करू?

ठाण्यात वन बीएचके, राहणारे तिघे. एसी नाही, तरी बिल १०० युनिटच्या आत काही येत नाही. म्हणून काल रात्री पंखे-दिवे बंद केले, फ्रिजचा प्लग काढला आणि मीटरसमोर उभी राहिले. मीटरवर '३२०० इम्पल्स प्रति युनिट' असं छापलंय (म्हणजे दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट) आणि लाल दिवा साधारण २८ सेकंदांनी लुकलुकतो. माझ्या हिशेबाने हे ४० वॅट झाले, म्हणजे महिन्याला २९ युनिट, तेही कुणी काहीच वापरत नसताना!

तेव्हा बोर्डाला होतं ते असं: स्मार्ट टीव्ही, रेकॉर्डिंगवाला डीटीएच बॉक्स, फायबरचा मोडेम, त्याला जोडलेला वेगळा राउटर, साउंडबार आणि बोलणारा स्पीकर. टीव्ही आणि बॉक्स रिमोटने बंद केलेले.

भिंतीवरचं बटण बंद करायला सासूबाईंचा विरोध आहे, कारण दुपारची मालिका रेकॉर्ड होत नाही. नवरा रात्री उशिरापर्यंत ऑनलाइन, त्यामुळे राउटरला हात लावायचा नाही. स्मार्ट प्लग घ्यावेत का? की आणखी काही उपाय आहे?

सातपूरकर:
हिशेब बरोबर आहे. ११२५ ला सेकंदांनी भागलं की वॅट मिळतात (३२०० च्या मीटरसाठी). फक्त घरात इन्व्हर्टर असेल तर तो बॅटरी चार्ज करत असतो, मग हा आकडा फसवा.

आधी टीव्हीची सेटिंग्ज उघडा. 'क्विक स्टार्ट', 'इन्स्टंट ऑन' असं काहीतरी असेल, ते बंद करा. टीव्ही चार सेकंदांत लागावा म्हणून आतला प्रोसेसर रात्रभर जागा ठेवतात, त्यात दहा-पंधरा वॅट सहज जातात. मोबाइलवरून टीव्ही चालू करायची सोय असेल तर तीही काढा. मग टीव्ही उशिरा लागेल, पण त्याने कुणाचं अडत नाही.

बॉक्सचं दुखणं वेगळं. रिमोटने बंद केला की बहुतेक वेळा फक्त चित्र जातं. ट्यूनर चालूच, छतावरच्या डिशला केबलमधून वीज जातेच. रेकॉर्डिंग हवं असेल तर दिवसा तसाच राहू द्या, रात्री झोपताना बटण बंद करा. मालिका दुपारची आहे ना?

तारयंत्र:
स्मार्ट प्लग नको. तो स्वतःच वायफायवर जागा राहून थोडी वीज खातो, आणि राउटर बंद झाला की तुमच्या हाताबाहेर. रात्रीसाठी साधा टायमर किंवा बटणवाला एक्स्टेन्शन बोर्ड पुरे.

राउटरवरून घरात भांडण नको. मोडेम आणि राउटर मिळून तेरा वॅट धरले, तर रोज सात तास बंद ठेवून महिन्याला जेमतेम पावणेतीन युनिट वाचतील. त्यापेक्षा वन बीएचकेत दोन डबे कशाला? फायबरच्या मोडेममध्ये बहुधा वायफाय असतंच. वेगळा राउटर काढला तर सहा वॅटच्या हिशेबाने महिन्याला सव्वाचार युनिट कमी, आणि इंटरनेटही चालू.

आणि १०० चा आकडा ओलांडला की सगळी युनिटं महाग होतात, असं समजत असाल तर तसं नाही. जादा दर फक्त वरच्या युनिटांना लागतो.

प्रश्नकर्ती:
दोघांचेही आभार! इन्व्हर्टर नाही. टीव्हीचं क्विक स्टार्ट बंद केलं आणि पुन्हा मोजलं, आता लुकलुक ३८ सेकंदांनी, म्हणजे तीसच्या आत आलो. बॉक्स रात्री बंद करायला सासूबाई तयार आहेत, पण सकाळच्या अभंगांआधी तो सुरू झालेला हवा ही अट.

राउटर काढायचं नवऱ्याला पटलंय, पण मोडेम दाराजवळच्या लाकडी कपाटात आहे. बेडरूमपर्यंत रेंज येईल का? कपाटाबाहेर आणायचा तर फायबरची वायर लांब करावी लागेल. ते काम कुणी करून घेतलंय का?