मदत हवी आहे: दोन महिन्यांच्या बाळाला संध्याकाळी शांत करणारी मालिश कशी करावी?

नमस्कार. लेक दोन महिन्यांची झाली. सकाळी अंघोळ घालायला मावशी येतात. त्यांचा हात जड आहे, पण अंघोळीनंतर ती गाढ झोपते. प्रश्न संध्याकाळचा आहे. दिवेलागणीला किरकिर सुरू होते, मुठी आवळते, पाय पोटाशी घेते आणि कडेवर घेऊन घरभर फिरलं तरी थांबत नाही. डॉक्टरांनी तपासलंय. वजन छान वाढतंय, शी-शू व्यवस्थित आहे, या वयात रडं जास्तच असतं म्हणाले. सासूबाई रोज दृष्टही काढतात.

मला त्या वेळी माझ्या हाताने तिला मालिश करायची आहे, रगडायचं नाही. तेल कोणतं? पाजण्याआधी की नंतर? पोटावर हात फिरवू का? "हलक्या हाताने कर" असं सगळे सांगतात, पण हलका म्हणजे किती? शिवाय मावशी रोज तिची छाती दाबून 'दूध' काढतात, नाकाकानात तेल सोडतात. हे बरोबर आहे का? कृपया नेमकं सांगा.

गवतीचहा:
आधी छाती दाबणं आजच्या आज बंद करा. आईच्या शरीरातल्या हार्मोन्समुळे नवजात बाळाची छाती सुजल्यासारखी होते, मुलगा असो की मुलगी. कधी थेंबभर पाणीही येतं. ते आपोआप जातं, दाबलं तर गळू होऊ शकतं. नाकाकानातही तेल नको. नाकातलं तेल श्वासावाटे फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होऊ शकतो. मावशींना "डॉक्टरांनी मनाई केलीय" एवढंच सांगा, त्यांचाही मान राहील.

दुपटं:
ताई, डोळा मिटून पापणीवर बोट ठेवा. जेवढा दाब त्रासाशिवाय सहन होतो, तेवढाच बाळाला द्यायचा. त्याहून हलकं, नुसतं बोट फिरवलं तर गुदगुल्या होतात आणि बाळ दचकतं. तळवा पूर्ण टेकवून सावकाश फिरवा.

पाजून पाऊणएक तास गेला की करा, पोट गच्च नको आणि भूकही नको. रडं सुरू व्हायच्या आधीची वेळ गाठा, कारण एकदा टाहो फोडला की मालिशचा उपयोग नाही, नुसतं छातीशी धरा. पंखा बंद, बांगड्या-अंगठ्या काढलेल्या, नखं कापलेली. सतरंजीवर दुपटं घालून जमिनीवरच बसा. पलंगावर तेलकट बाळ हातातून निसटतं. खोबरेल तेल चमचाभर पुरे, आधी तळहातावर चोळून कोमट करायचं. मोहरीचं नको, कोवळ्या कातडीला ते झोंबतं.

पायांपासून सुरू करा, तिथं हात लावलेला बाळांना सहज चालतो. घोटा धरून मांडीपासून खाली या, मग अंगठ्याने तळपाय टाचेकडून बोटांकडे. पोटावर हात फिरवायचा तो बेंबी पूर्ण सुकली असेल तरच आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, कारण मोठं आतडं त्याच दिशेने जातं. नंतर दोन्ही गुडघे अलगद पोटाशी आणून थोडं थांबा नि सोडा, गॅस सुटायला याची मदत होते. टाळूला तेल नुसतं लावायचं, दाबायचं नाही. तिने मान फिरवली, पाठीची कमान केली, बोटं ताठ पसरली, तर तिला पुरे झालंय. तिथेच थांबा, पाठ राहिली तरी चालेल.

एका पोरीचा बाबा:
दीड महिन्याची लस मांडीत दिली असेल. टोचलेली जागा कडक लागत असेल तर तिथे चोळू नका. अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसीनंतरही हेच. आमच्याकडे संध्याकाळची मालिश मीच करायचो, तेवढ्यात बायको निवांत जेवायची. तुमच्या नवऱ्यालाही शिकवा.

धागाकर्ती:
मनापासून आभार! मावशींशी उद्याच बोलते. मालिशनंतर परत अंघोळ घालायला लागेल का?

दुपटं:
नाही. कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने मानेच्या, काखेच्या, जांघेच्या घड्या पुसा, तिथं तेल साचून पुरळ येतं. हे संध्याकाळचं रडं साधारण सहाव्या आठवड्यात सगळ्यात जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं. पण ताप 100.4 फॅरनहाइट किंवा वर गेला, हिरवी उलटी झाली, किंवा दूध ओढेनाशी झाली, तर मालिश वगैरे सोडून तडक डॉक्टरांकडे न्या, रात्र असली तरी.