एआरटी (एचआयव्हीची औषधं) सुरू झाली तरी भावाचं वजन उतरतंय, काय खायला द्यावं?

आटपाडीची लेक:

नमस्कार. माझा मोठा भाऊ, वय ३८, जेसीबीवर ऑपरेटर होता, सध्या घरीच आहे. दिवाळीनंतर तपासणीत एचआयव्ही निघाला. जिल्ह्याच्या एआरटी सेंटरमधून गोळी सुरू होऊन तीन महिने होत आले. रोज रात्री नऊला घेतो, एकही चुकवलेली नाही. गोळी लागू पडली की अंग धरेल असं आम्हाला वाटलं होतं. पण आधी ६२ किलोचा माणूस, गोळी सुरू झाली तेव्हा ५५ होता, परवा ५१ भरला. पँट नाडीने आवळून घालतो.

तोंडात पांढरा थर आहे, जरा तिखट लागलं की डोळ्यांत पाणी येतं, म्हणून अर्ध्या भाकरीवर उठतो. संध्याकाळी अंग कोमट लागतं, वहिनी म्हणते अशक्तपणा असेल. गावातल्या डॉक्टरांनी अंडी, मटण, वांगं, आंबट सगळं बंद केलंय, औषध उष्ण पडतं म्हणून. आईने गुरुवार धरायला लावलाय. मेडिकलवाल्याने वजन वाढवायच्या पावडरचा डबा दाखवला, तीन हजारांच्या वर, महिन्याला दोन लागतील म्हणाला. मी पुण्यात शिवणकाम करते, पैसे उभे करीन. पण उपयोग होईल का?

आणि त्याचं ताट-वाटी वेगळं ठेवलंय. तो सोप्यात एकटा जेवतो. तो काही बोलत नाही, पण मला ते बघवत नाही.

माणकाठची मावशी:

बाळ, डब्याचे पैसे आत ठेव आणि उद्याच्या उद्या दादाला सेंटरला घेऊन जा. पुढच्या गोळ्यांची तारीख यायची वाट बघू नका. मी स्वतः २००९ पासून गोळीवर आहे आणि आमच्या भागात पेशंटच्या घरी जायचं काम करते, म्हणून एवढ्या हक्काने सांगते.

६२ चे ५१ म्हणजे शेकडा दहाच्या बरंच वर गेलं. त्यात संध्याकाळची कणकण. हे ऐकलं की आधी टीबी बघायचा. खोकला, ताप, वजन उतरणं, रात्री घाम येणं, या चार गोष्टी सेंटरला दर वेळी विचारतात. पण पेशंट 'बरं आहे' म्हणून गोळ्या घेऊन निघतो, तसं होऊ देऊ नका. ताप येतो हे तोंडाने सांगा. थुंकीची सीबीनॅट तपासणी (मशीनवर टीबीचे जंतू शोधतात ती) आणि छातीचा एक्स-रे करायला लावा. खोकला नसला तरी टीबी असू शकतो, गळ्याच्या गाठीत असतो, पोटात असतो. गोळी सुरू झाल्यावर पहिल्या काही महिन्यांतच आत दबून बसलेला टीबी वर येतो, कारण अंगातली ताकद जागी होऊन त्याच्याशी झगडायला लागते. म्हणून गोळीवरचा विश्वास सोडू नका. ती चालूच ठेवायची.

तोंडातला पांढरा थर म्हणजे बहुतेक बुरशी. तिला औषध आहे, थोड्या दिवसांत तोंड मोकळं होतं. गिळताना छातीत दुखतं का तेही विचार. दुखत असेल तर बुरशी खाली अन्ननलिकेपर्यंत गेलेली असते, तेही डॉक्टरांना सांगायचं. तोंड बरं झाल्याशिवाय तू पंचपक्वान्नं वाढलीस तरी तो अर्ध्या भाकरीवरच उठणार.

आता खाण्याचं. एचआयव्ही असलेल्या माणसाला, दुसरा काही आजार नसला तरी, शेकडा दहा जास्त ऊर्जा लागते. ताप, टीबी, जुलाब असं काही असलं की वीस ते तीस. हे जागतिक आरोग्य संघटनेने २००३ मध्येच सांगितलंय. मोठ्या माणसाच्या हिशोबात दहा म्हणजे साधारण २०० कॅलरी, तीस म्हणजे ६०० च्या आसपास. आकडा मोठा वाटतो. पण मूठभर शेंगदाणे, ३० ग्रॅम धर, १७० कॅलरी देतात आणि सात-आठ ग्रॅम प्रथिनं. छोटा चमचा तेल किंवा तूप चाळीस-पंचेचाळीस. दोन अंडी म्हणजे बारा ग्रॅम प्रथिनं. म्हणजे तुझ्या आईच्या स्वयंपाकघरातच हे सगळं आहे, फक्त त्याच्या ताटातून काढून घेतलंय.

या पथ्याचा मला फार राग येतो. अंडी बंद, मटण बंद, वांगं बंद, आणि मग माणूस वाळला की आजाराला बोल. गोळी उष्ण नाही. आता सगळीकडे देतात ती तीन औषधांची एकच गोळी असेल, टीएलडी, तर ती जेवून किंवा न जेवता कशीही चालते. कितीतरी जण 'आज नीट जेवलो नाही, मग गोळी नको' म्हणून ती टाळतात, तसं दादाचं होऊ देऊ नका. गुरुवार आईने स्वतः धरावा त्याच्यासाठी. त्याचा उपास सध्या सोडा. देव रागावणार नाही.

तोंड दुखतंय तोवर मऊ आणि कोमट द्या. मुगाची खिचडी सैल करून वर तूप. हुलग्याचं माडगं, पण मिरची-मसाल्याशिवाय. हुलग्यात प्रथिनं भरपूर असतात, आणि आपल्या माणदेशी माणसाच्या घशाखाली ते आवडीने उतरतं. पिकलं केळं, दूधभात, दुधात कुस्करलेली भाकरी, उकडलेलं अंडं भातात कालवून. नाचणीची पेज सगळे सांगतात, चांगलीच आहे, कॅल्शियम भरपूर. पण नुसती पाण्यातली पेज म्हणजे पोट भरतं आणि अंगाला फार लागत नाही. नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून ते पीठ वापरा. मोड आलेल्या पिठाची पेज घट्ट होत नाही, पातळच राहते, म्हणून तेवढ्याच वाटीत जास्त पीठ बसतं. वर दाण्याचा बारीक कूट, गूळ, दूध. कूट ताज्या दाण्यांचा. खवट, बुरशी लागलेले दाणे टाकून द्या, ते लिव्हरला घातक असतात. पायाच्या सूपवर आठवड्याचे पैसे घालू नका, तेवढ्यात अंडी येतील. अंडं कच्चं द्यायचं नाही, दूध आणि पाणी उकळूनच.

एका वेळी भरपूर जाणार नाही. दोन-अडीच तासांनी थोडं थोडं. उशाशी डब्यात दाण्याचा लाडू मऊ वळून ठेवा.

ताटाचं सांगते. एका ताटात जेवल्याने, एका पेल्यात पाणी प्यायल्याने एचआयव्ही होत नाही. इतक्या घरांत गेले मी, जिथे माणसाला पंगतीत परत बसवलं तिथे त्याचं खाणं वाढलेलं बघितलंय. माझ्या सासूबाईंनी माझं ताट कधी वेगळं केलं नाही, मी तगले त्यात त्यांचा मोठा वाटा आहे. वहिनीला सेंटरच्या समुपदेशकांकडे घेऊन जा. ती वाईट नाही, घाबरलेली आहे. तिची स्वतःची तपासणी झाली का, मुलांची झाली का? नसेल तर तीही त्याच फेरीत.

आहारतज्ज्ञ, कोल्हापूर:

मावशींनी सगळं बरोबर सांगितलंय. पावडरबद्दल थोडं. अशा बऱ्याच डब्यांत कॅल्शियम आणि लोह घातलेलं असतं. टीएलडीमधलं डोलुटेग्राविर रिकाम्या पोटी या क्षारांबरोबर घेतलं तर कमी शोषलं जातं. म्हणून कॅल्शियम-लोहाच्या गोळ्या किंवा अशी पावडर एआरटीच्या गोळीनंतर दोन तासांनी, नाहीतर तिच्या सहा तास आधी घ्यावी. दोन्ही एकत्र घ्यायचंच तर भरपेट जेवणाबरोबर. ॲसिडिटीच्या पातळ औषधाला जेवणाची सवलत नाही, तिथे अंतरच पाळायचं. रोजच्या जेवणातलं दूध, नाचणी बिनधास्त घ्या. काही 'झटपट वजन वाढवा' डब्यांत लपवून स्टेरॉइड घालतात. त्याने चेहरा भरतो, स्नायू मात्र झडतात, आणि टीबी असलेल्या माणसाला ते फार धोक्याचं. नाव-गाव नसलेला डबा घरात आणूच नका. टीएलडीमधलंच टेनोफोविर चालू असताना क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, वेळोवेळी बघतात, प्रथिनांची पावडर घ्यायचीच असेल तर तो रिपोर्ट डॉक्टरांना दाखवून.

आटपाडीची लेक:

मावशी, थुंकीत टीबी निघाला. औषधं सुरू झाली. रोजच्या गोळीनंतर बारा तासांनी डोलुटेग्राविरची एक जादा गोळी दिलीय. तोंडासाठीही औषध दिलं, आता दुखणं खूप कमी आहे. काल पिठलं-भात मागून खाल्ला. वजन अजून ५१ च. आई म्हणते आता तर ताट वेगळंच ठेवायला पाहिजे, टीबी आहे म्हणून. काय सांगू तिला?

माणकाठची मावशी:

आईला सांग, टीबी हवेतून पसरतो, ताटातून नाही. खोकताना तोंडावर रुमाल किंवा मास्क, झोपायची खोली उजेडाची, खिडक्या उघड्या. सुरुवातीचे काही आठवडे तो जेवायला अंगणात बसला तर सगळ्यांनी अंगणात बसा, मोकळ्या हवेत. भांडी नेहमीच्या साबणाने घासली की झालं.

जादा गोळी टीबीची औषधं चालू असेपर्यंत आणि ती संपल्यावरही दोन आठवडे चालते. टीबीच्या रिफाम्पिसिनमुळे डोलुटेग्राविरचा असर कमी होतो, म्हणून ती दिलीय. सेंटर सांगेपर्यंत बंद करायची नाही. वजन लगेच हलणार नाही. आधी ताप जाईल, मग भूक लागेल, मग काटा सरकेल. वजन एकाच काट्यावर, आठवड्यातून एकदा. रोज बघून त्याला घाबरवू नका.

टीबीच्या पेशंटला निक्षय पोषण योजनेतून महिन्याला १००० रुपये बँकेत येतात, नोव्हेंबर २०२४ पासून. आधी ५०० होते. बँक खातं आणि आधार टीबी युनिटला दिलंय का बघ. ते पैसे अंडी-दाण्यांना. संजय गांधी निराधार योजनेतही एचआयव्हीचे पेशंट बसतात, उत्पन्नाची अट आहे, अर्ज तहसीलला. गावात बोभाटा होईल म्हणून लोक अर्जच करत नाहीत. सेंटरच्या समुपदेशकांना आधी विचार, ते मार्ग सांगतील. काही अडलं तर एड्सच्या सरकारी हेल्पलाइनवर, १०९७ वर फोन कर, फुकट आहे.

आणि घरातल्या सगळ्यांची टीबीची तपासणी या आठवड्यात करून घ्या, लहान मुलांची सगळ्यात आधी. ज्यांना टीबी नाही त्यांना तो होऊ नये म्हणून गोळ्या मिळतात, त्या मागून घ्या.