छोट्या जागेत रॉक बँड ऐकायचा तर उभं कुठे राहायचं, कानांचं काय करायचं?

नाशिकची_फझ_पेडल

आजवर रॉक ऐकला तो हेडफोनवर, नाहीतर कॉलेज फेस्टच्या मैदानावर. आता पुण्यात राहायला आले आहे, त्यामुळे पब-कॅफेत दीड-दोनशे माणसांत होणारे गिग बघायचेत. अधूनमधून मुंबईलाही जाईन. अशा जागांचे व्हिडिओ पाहिले की गायकाचा आवाज ड्रमखाली गाडलेला असतो. प्रत्यक्षातही तसंच ऐकू येतं का? येत असेल तर कुठे उभं राहिल्यावर गाणं नीट कळतं? इअरप्लग खरंच लागतात, की उगाच धसका? आणि तिकिटावर सात लिहिलेलं असेल तर किती वाजता पोचायचं?

मिक्सरमागचा

प्रत्यक्षातही बऱ्याचदा तसंच असतं, आणि दरवेळी दोष साउंड इंजिनिअरचा नसतो.

छोट्या खोलीत ड्रमला माइकची फारशी गरजच नसते. जोरात मारलेला स्नेअर (ड्रमसेटमधला कडक वाजणारा ड्रम) जवळच्या माणसाला सहज १०० डेसिबलच्या वर ऐकू येतो. गिटारचा अँप (अॅम्प्लिफायर) पण स्टेजवरून थेट कानावर येतो. गायकाचा आवाज मात्र पीएच्या, म्हणजे प्रेक्षकांसाठी लावलेल्या मोठ्या स्पीकरांमधूनच येतो. तो ड्रमच्या वर काढायला पीए वाढवत नेला की तोच आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो आणि फीडबॅकची शिटी वाजते. म्हणजे मिक्सरवर (सगळे आवाज कमी-जास्त करायच्या टेबलावर) कितीही हुशार माणूस बसवा, खोलीत आवाज किती होणार हे ड्रमर ठरवतो. मैदानात ही अडचण येत नाही, कारण तिथे सगळंच पीएमधून जातं.

म्हणून गाणं कळायला पहिली रांग सगळ्यात वाईट. तिथे मुख्य स्पीकर तुमच्या बाजूला किंवा चक्क मागे असतात आणि मॉनिटरचं (बँडला स्वतःचा आवाज ऐकवणाऱ्या स्पीकरचं) तोंड बँडकडे असतं, तेव्हा गायकाचा आवाज दोन्हीकडून निसटतो. त्यात गिटारचा अँप गुडघ्याच्या उंचीवर, तोंड सरळ तुमच्याकडे. अँपचे वरचे स्वर टॉर्चच्या झोतासारखे सरळ जातात. झोतात सापडलात तर कान किटतात, दोन पावलं बाजूला झालात तर तोच अँप मऊ लागतो. जागा बदलायची तर आधी एवढं करून बघा.

चांगली जागा म्हणजे मिक्सरच्या थोडं पुढे, दोन्ही स्पीकरांपासून सारख्या अंतरावर. इंजिनिअर जे ऐकून मिक्स करतो, साधारण तेच तिथे ऐकू येतं. पुष्कळ ठिकाणी मिक्सर बारशेजारी कोपऱ्यात कोंबलेला असतो, तिथे हा नियम चालत नाही. इंजिनिअर टॅब्लेट हातात घेऊन अधूनमधून खोलीच्या मध्यावर येत असेल, तर तो उभा राहतो तीच जागा पकडा. कोपऱ्यातून हललाच नाही, तर तो कोपऱ्यासाठी मिक्स करतोय.

बेसचं गणित वेगळं. खालचे स्वर भिंतींवरून परत येतात, एकमेकांत मिसळतात आणि खोलीत काही ठिकाणी साचतात, काही ठिकाणी मरतात. चार तारांच्या बेस गिटारची जाड ई तार मोकळी वाजवली की ४१ हर्ट्झचा स्वर येतो. त्याच्या तरंगाची लांबी सुमारे ८.३ मीटर. खोली तेवढीच लांब असेल तर भिंतीला टेकून उभं राहिल्यावर तो स्वर छातीत घुमतो आणि त्याच भिंतीपासून दोन मीटर पुढे आलं की जवळजवळ नाहीसा होतो. खऱ्या खोलीत सोफे, खांब, माणसं असल्यामुळे आकडे इतके नेमके येत नाहीत. तरी बेस ऐकूच येत नाही किंवा नुसता घोंगावतोय असं वाटलं तर तडक साउंडवाल्याकडे जाऊ नका, आधी दीड-दोन मीटर सरकून बघा.

अजून एक. साउंडचेक रिकाम्या खोलीत झालेला असतो. माणसं भरली की अंग-कपडे वरचे स्वर शोषतात आणि मिक्स पुन्हा बसवावा लागतो. पहिली दोन गाणी त्यात जातात, तेवढ्यावर बँडचं मोजमाप करू नका.

कानसेन

इअरप्लग लागतातच. अमेरिकेच्या नायॉश या कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या सरकारी संस्थेचा हिशेब असा: ८५ डेसिबलला ८ तास चालतात, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ९४ ला १ तास आणि १०० ला फक्त १५ मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा जागांसाठी मानक काढलं, त्यातही १५ मिनिटांच्या सरासरीला १०० डेसिबल हीच वरची मर्यादा आहे. दीड तासाचा सेट (बँडची सलग गाणी) १०० ला ऐकला तर दिवसाच्या कोट्याच्या सहापट झाला. कानातून १५ डेसिबल कमी केले की तोच सेट ८५ वर येतो आणि हिशेबात बसतो.

फोमचे प्लग स्वस्त, औषधाच्या दुकानात किंवा कारखान्याच्या सेफ्टी सामानात मिळतात. पण ते वरचे स्वर जास्त खातात, त्यामुळे झांजा आणि गाण्याचे शब्द मळकट होतात. वाद्यवाल्यांसाठीचे सिलिकॉनचे फिल्टरवाले प्लग सगळे स्वर साधारण सारखे कमी करतात. महिन्यातून दोन गिग होणार असतील तर तेच घ्या.

फोमवाले बहुतेक जण चुकीचे घालतात. प्लग बोटांत वळून बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर-मागे ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत २०-३० सेकंद बोटाने धरून ठेवायचा. समोरून बघणाऱ्याला तो बाहेर आलेला दिसत असेल तर नीट बसलेला नाही. पाकिटावर ३० डेसिबल छापलेलं असलं तरी प्रत्यक्षात निम्मंच धरा, तो आकडा प्रयोगशाळेतला. टिश्यू पेपरचे बोळे मात्र घालू नका, त्यांनी फक्त समाधान मिळतं.

मोजायचं असेल तर नायॉशचं ध्वनिमापक अॅप आयफोनवर फुकट आहे. अँड्रॉइडवर प्रत्येक फोनचा माइक वेगळा, त्यामुळे त्यावरच्या आकड्यांवर भिस्त ठेवू नका.

गेट_सातला_बँड_नऊला

तिकिटावरची वेळ दार उघडण्याची. बँड नेमका किती वाजता उभा राहणार हे त्याच दिवशी बँडच्या किंवा जागेच्या इन्स्टाग्राम स्टोरीत येतं, तिथे बघा. तीन बँड असतील तर ढोबळ हिशेब असा: सुरुवातीच्या दोघांना अर्धा-पाऊण तास, मधे सामान बदलायला १५-२० मिनिटं, शेवटच्याला तास-सव्वा तास.

जागा बंदिस्त की उघडी हे आधी विचारा, सगळं वेळापत्रक त्यावर फिरतं. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. सरकार वर्षाला काही मोजक्या दिवसांना रात्री १२ पर्यंत सूट देतं, पण ती सणासुदीची. त्यामुळे गच्चीवर किंवा अंगणात गिग असेल तर मुख्य बँड साडेआठलाच सुरू होतो आणि १० ला वायरी निघतात. ‘नऊपर्यंत निवांत जाऊ’ म्हणणाऱ्यांची सुरुवातीची गाणी हुकतात. याच आवाजाच्या नियमांपायी मुंबईतलं धोबीतलावचं रंगभवन हे खुलं नाट्यगृह गेलं. १९८६ ला सुरू झालेला इंडिपेन्डन्स रॉक हा महोत्सव वर्षानुवर्षे तिथे व्हायचा. शेजारी कॉलेज आणि इस्पितळं, म्हणजे शांतता क्षेत्र. रॉक मग छताखाली शिरला: लोअर परळच्या मथुरादास मिल कंपाउंडमधलं ब्ल्यू फ्रॉग हे क्लब २००७ ते २०१६ चाललं.

तिकीट काढताना ‘कव्हर’ आणि ‘एंट्री’ यांत गल्लत करू नका. कव्हरचे पैसे खाण्यापिण्यात वळते होतात, एंट्रीचे नाही. वय २१ च्या खाली असेल तर जागेला आधी फोन करा, कारण बऱ्याच ठिकाणी आतच घेत नाहीत. महाराष्ट्रात बिअर-वाइनला २१ आणि बाकी दारूला २५ पूर्ण लागतात, ओळखपत्र बघतात.

मुंबईत लोअर परळला गिग असेल तर पश्चिम रेल्वेचं लोअर परळ आणि मध्य रेल्वेचं करी रोड, दोन्ही स्टेशनं चालत गाठता येतात. शनिवारी रात्री दुरुस्तीसाठी लोकल बंद ठेवणारा ब्लॉक आहे का ते एम-इंडिकेटर अॅपवर आधीच बघून ठेवा.

नाशिकची_फझ_पेडल

हे सगळं सोन्यासारखं आहे, आभार. पण माझी उंची पाच फूट. मिक्सरजवळ उभी राहिले तर समोरच्यांच्या पाठीच दिसणार ना? आणि मेटल गिगला ती मॉश पिट म्हणतात, ती कुठे होते?

मिक्सरमागचा

अशा जागांचं स्टेज फूट-दीड फूटच असतं, त्यामुळे तिसऱ्या रांगेपासून पाच फुटी माणसाला नुसतं छत दिसतं. बाजूच्या भिंतीलगत पायरी किंवा कठडा असेल तर गेट उघडल्या उघडल्या तो धरा. नसेल तर पहिल्या रांगेचं टोक, बेसिस्टच्या बाजूचं. बेस बऱ्याचदा डीआयमधून (गिटार थेट मिक्सरला जोडणाऱ्या डबीतून) सरळ पीएला जातो, तेव्हा त्याचा अँप लहान ठेवला तरी चालतं आणि त्या बाजूला कानांना त्रास कमी. प्लग घालून तिथे उभं राहा. आवाज थोडा एकांगी लागेल, पण बँड दिसेल.

पिट म्हणजे लोक एकमेकांना धडका देत नाचतात तो गोल. ती स्टेजपासून दोन-तीन मीटरवर, मधोमध उघडते. गाणं एकदम संथ आणि जड झालं, लोक मागे सरकून गोल रिकामा करू लागले, की समजायचं. नको असेल तर त्याच क्षणी भिंतीकडे व्हायचं, गोलाच्या कडेला पाठ करून उभं राहायचं नाही. कोणी पडलं तर शेजारचे लगेच उचलतात, तो तिथला पक्का रिवाज. चप्पल नको, बंद बूट. चष्मा असेल तर मागून दोरी.

टीशर्ट_मोठ्या_मापाचा

एकच भर. गिगनंतर बँड स्वतःच टेबल मांडून टी-शर्ट, स्टिकर विकत असेल तर तिथे घ्या. तिकिटात जागेचा, तिकीट-अॅपचा वाटा असतो, टेबलावरच्या पैशांत सहसा कोणाचाच नसतो. ऑनलाइन घ्यायचं तर बँडकॅम्प, म्हणजे बँड स्वतः संगीत विकतात ती साइट: डिजिटल अल्बमवर ते साधारण १५ टक्के कापतात, टी-शर्टसारख्या वस्तूंवर १०. मधली मापं आधी संपतात, म्हणून सेट सुरू होण्यापूर्वीच विचारून ठेवा. तळघरातल्या जागेत नेटवर्क मिळेलच असं नाही. तिकिटाचा क्यूआर बाहेर रस्त्यावरच उघडून ठेवा आणि टी-शर्टपुरती रोख जवळ असू द्या.