धूसर चित्रांबद्दल

कार्ल सेगनच्या ‘कॉसमॉस’ या जुन्या विज्ञान-मालिकेचा सहावा भाग आता जुनाट वाटतो, चित्रं धूसर आहेत, असं म्हणतात; ते अर्धंच पटलं. सेगनचं ते काल्पनिक यान खरंच बघवत नाही. पण मेमधल्या नागपुरात कूलरच्या घरघरीत संवाद ऐकू येईनात, म्हणून मी आवाज बंद करून नुसती चित्रंच पाहिली. गुरू आणि त्याचा चंद्र आयो यांची ती चित्रं नासाच्या व्हॉयेजर यानानं १९७९ मध्ये पाठवलेली. कॅमेरा ८०० बाय ८०० बिंदूंचा, तोही कृष्णधवल! रंग भरलेत ते वेगवेगळ्या फिल्टरमधून घेतलेली चित्रं एकत्र करून.

आयोवरचा जागता ज्वालामुखी तर यानाची दिशा तपासायला ८ मार्चला टिपलेल्या चित्रात सापडला, तोही यान गुरूला ओलांडून पुढे गेल्यावर. मागचे अंधूक तारे दिसावेत म्हणून मोहिमेतल्या अभियंता लिंडा मोराबितो यांनी चित्र उजळलं, तर आयोच्या कडेला छत्रीसारखा ढग.