हेरोद राजा नक्की कधी वारला? इ.स.पूर्व ४ की १? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी, आमच्या चर्चच्या तरुण संघासाठी शुभवर्तमानातल्या घटनांचा कालपट करतेय, चार चार्टपेपर जोडून हॉलच्या भिंतीवर लावायचाय, आणि पहिल्याच चौकटीत अडकलेय. पेन्सिलने "येशूचा जन्म, इ.स.पूर्व ५" लिहिलं तर आठवीतला एक मुलगा म्हणाला, ताई, इ.स.पूर्व म्हणजे ख्रिस्ताच्या आधी ना, मग ख्रिस्त ख्रिस्ताच्या आधी कसा जन्मला? त्याला सांगितलं की ही वर्षं सहाव्या शतकात डायोनिशियस नावाच्या साधूने ठरवली आणि त्याचा हिशोब चुकला. पण चुकला हे कळतं ते यहूदियाचा राजा हेरोद याच्या मृत्यूच्या सालावरूनच. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या २ऱ्या अध्यायात येशूच्या जन्माच्या वेळी हेरोद जिवंत आहे, दोन वर्षांच्या आतली बाळं मारायचा हुकूम त्याचाच, आणि योसेफ मिसरातून परत येतो तो हेरोद मेल्यावर.

आता जोसेफस (पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार) लिहितो की मंदिराच्या दारावरचा सोन्याचा गरुड तोडणाऱ्यांना हेरोदाने जिवंत जाळलं त्याच रात्री चंद्रग्रहण लागलं, आणि राजा मेल्यावर थोड्याच दिवसांत वल्हांडण (यहुद्यांचा वसंतातला सण) आला. बहुतेक अभ्यासक इ.स.पूर्व ४ मधलं १३ मार्चचं खंडग्रास ग्रहण धरतात, वल्हांडण ११ एप्रिलच्या आसपास. मी वहीत दिवस मोजले तर २९च भरतात. तेवढ्यात आजारी राजाला मृत समुद्रापलीकडच्या गरम झऱ्यांवर नेलं, परत यरीहोला आणलं, देशभरातल्या प्रमुख लोकांना बोलावून शर्यतीच्या मैदानात कोंडलं, रोमहून पत्र आलं, मुलगा अंतिपातर याला मारलं, त्यानंतर पाच दिवसांनी राजा गेला, हेरोदियम या त्याच्या किल्ल्यात नेऊन पुरलं, सात दिवस शोक, लोकांना जेवण, आणि मग वल्हांडण. एवढं सगळं २९ दिवसांत बसतं का हो?

म्हणून काहीजण इ.स.पूर्व १ म्हणतात. त्या वर्षी १० जानेवारीला खग्रास ग्रहण होतं आणि वल्हांडणापर्यंत जवळपास तीन महिने मिळतात. शिवाय लूक ३ मध्ये रोमचा सम्राट तिबिर्य कैसर याच्या राज्याचं पंधरावं वर्ष आहे, म्हणजे इ.स. २८-२९, आणि येशू "सुमारे तीस वर्षांचा", तेही छान जुळतं. खरं सांगते, मला हेच पटलं होतं आणि मी खोडरबर हातात घेतलाही होता.

पण मग हेरोदानंतर राज्य वाटून घेतलेल्या त्याच्या तीन मुलांची वर्षं बघितली. अर्खेलावाला रोमने इ.स. ६ मध्ये सत्तेवरून काढलं, तेव्हा त्याचं दहावं वर्ष. फिलिप ३७ वर्षं राज्य करून तिबिर्याच्या विसाव्या वर्षी वारला. अंतिपाला इ.स. ३९ मध्ये हद्दपार केलं आणि त्याची ४३व्या वर्षाची नाणी सापडलीत. तिघांचंही मागे मोजत गेलं की इ.स.पूर्व ४ येतं, इ.स.पूर्व १ पासून मोजलं तर अंतिपाचं ४३वं वर्ष हद्दपारीनंतर पडतं. १ वाले म्हणतात मुलांनी बाप जिवंत असतानाची वर्षं धरली, आणि फिलिपच्या बाबतीत जोसेफसच्या काही जुन्या प्रतींत विसाव्याऐवजी बाविसावं वर्ष आहे. एकाचं मान्य करीन पण तिघांचं? नाण्यापुढे मला तरी हे ओढून ताणून वाटतं.

तर मदत दोन गोष्टींसाठी हवीय. एक म्हणजे इ.स.पूर्व ५ मध्ये १५ सप्टेंबरलाही खग्रास ग्रहण होतं, ते धरलं तर वल्हांडणापर्यंत सात महिने मिळतात आणि मुलांचा हिशोबही बिघडत नाही, मग १३ मार्चच का धरतात? दुसरं, जोसेफस म्हणतो रोमने राजा केल्यापासून हेरोदाची ३७ वर्षं झाली, इ.स.पूर्व ४० ते ४ म्हणजे ३६च, अर्धवट वर्षं पूर्ण धरली तरच ३७. राजाची वर्षं निसान या यहुदी महिन्यापासून (वल्हांडण त्याच महिन्याच्या १४ तारखेला) मोजायची रीत होती, मग तो १ निसान उलटल्यावर मेला असं धरावं लागतं का? तसं असेल तर वल्हांडणाआधी शोकाचे सात दिवस धरून फारच थोडी जागा उरते, तिथे माझं गणित अडतंय.

लूक २ मधल्या क्विरीनियाच्या (सूरियाचा रोमी सुभेदार) नावनिशीचा, म्हणजे जनगणनेचा, प्रश्न इथे नको, त्यावर वेगळा धागा काढीन. कुणी ग्रहणांचे तक्ते बघणारे असाल तर प्लीज सांगा, चौकट अजून पेन्सिलनेच आहे आणि रविवारी सकाळी मुलं स्केचपेन घेऊन येणारेत.